उजवी बाजू पाच इंच मागे

“बस. बस म्हणते ना तिथं! आता हात लांब कर आणि दाराचा दांडा ओढ. ओढ की! उघडलं? छान. आता उतरून दाखव.”

“ताई, अगं सकाळी सकाळी...”

“सकाळी सकाळी काय? दोन वाजता तपासणीचा साहेब येतोय टेप घेऊन. त्याला काय सांगू? आग लागली तर आधी सीट खोला, मग जीव वाचवा?”

धाकट्याला उतरता येईना. बसच्या उजव्या अंगाला इमर्जन्सीचं दार होतं, आणि सातव्या सीटची कड चांगली अर्धी वीत त्या दाराच्या वाटेत घुसून बसली होती. धाकटा म्हणजे वयानं पोर नव्हे. पन्नाशीचा गडी, अंगानं आडवा, उंचीला सहा फुटांच्या वर. पण ताईसमोर तो असा बसला होता की हातात पाटी दिली असती तर गिरवायला लागला असता.

“थोडंसंच तर आहे,” तो म्हणाला.

“थोडंसं? पाच इंच आहे. मी मोजलंय. पाच इंचात माणूस अडकतो, मुडद्या.”

ताई या भावंडांत सगळ्यांत थोरली. अठ्ठावन्न वर्षांची, बुटकी, केस आखूड कापलेले, कमरेला कातडी पिशवी आणि पिशवीत तीन मापाच्या सुया. उजव्या हाताचा अंगठा सुई दाबून दाबून बाहेरच्या बाजूला वाकलेला. कारखाना बापाचा. बाहेरून नुसता सांगाडा येतो: इंजिन, चाकं आणि ड्रायव्हरला टेकायला एक फळकूट. त्याच्यावर इथं बरगड्या चढतात, पत्रा चढतो, खिडक्या, फरशी, सीटा. थकलेल्या जुन्या बसही येतात. त्यांचं सडलेलं कापायचं, नवं जोडायचं, आणि म्हातारीला नवरीसारखी नटवून परत धाडायचं.

ही बस तशीच, जुनी. एका प्रवासी कंपनीनं नमुना म्हणून दिलेली. तिच्या बारा बहिणी बाहेर पटांगणात गवतात उभ्या होत्या. ही पास झाली तर त्या बारा आत येणार. नाही झाली तर परवा त्या ओढून पलीकडच्या रस्त्यावरच्या कारखान्यात नेणार. आणि थोरल्या भावानं गेल्याच महिन्यात, जेवता जेवता, ताटातून मान वर न करता सांगून टाकलं होतं की हे काम गेलं तर शिवणखातं बंद. सीटा बाहेरून तयार आणता येतात.

शिवणखात्यात नऊ जणी. नऊही ताईनं हाताला धरून शिकवलेल्या. त्यातल्या तिघींच्या घरात दुसरा कमावता हात नाही. तेव्हा दोन वाजता येणारा साहेब बसचं माप घेणार होता खरा, पण ताईच्या लेखी तो त्या नऊ शिलाई मशीनवर शिक्का मारायला येत होता.

आता ही चूक झाली कशी, ते सांगायला हवं. असली चूक दुसऱ्या कुठल्या कारखान्यात व्हायची नाही. तिला हेच घराणं पाहिजे.

बावीस वर्षांपूर्वी दोघा भावांची हॉर्नवरून जुंपली. हॉर्न ड्रायव्हरच्या उजव्या हाताला पाहिजे की डाव्या. बोलता बोलता एकानं हातोडी उचलली, दुसऱ्यानं पाना. तेव्हा बाबांनी कामाची वाटणी करून टाकली. लोक शेत वाटतात, घर वाटतात. यांनी बस वाटली. डावी बाजू थोरल्याची, उजवी धाकट्याची. थोरल्यानं इंजिनाकडून मोजत मागे जायचं, धाकट्यानं शेपटाकडून मोजत पुढे यायचं, म्हणजे दोघं एका खांबाशी एका वेळी यायचे नाहीत आणि हातोडी पत्र्यावरच पडेल. छताला दोघांनी मिळून हात लावायचा, म्हणून छत कायम शेवटी आणि कायम घाईत. राहिली ताई. तिला मधली वाट दिली, फरशी दिली, सीटांची शिलाई दिली. “गाद्या-उशांचं काम बाईमाणसालाच जमतं,” असं बाबा म्हणाले होते. दोन्ही भाऊ चड्डीत फिरत होते तेव्हापासून ताई आईच्या शेजारी बसून सीटा शिवत होती, हे त्या दिवशी कोणाला आठवलं नाही. ताईला आठवलं. ती काही बोलली नाही एवढंच. मध्ये लग्न करून दोन वर्षं दुसऱ्या घरी राहून आली, तेव्हाही परत का आली ते बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मशीनवर येऊन बसली, आणि विचारायची कोणाची छाती झाली नाही.

वाटणी इतकी वर्षं धकली, कारण नव्या बसची लांबी ठरलेली. पुढून मोजा की मागून, खुणा एकाच जागी. पण या म्हातारीचं शेपूट सडलेलं होतं. ते कापून नवं जोडलं, आणि नवं पाच इंच जास्त निघालं. वेल्डरनं दोघा भावांना जाऊन सांगितलं. थोरला म्हणाला, मी पुढून मोजतो, मला काय त्याचं? धाकटा म्हणाला, मी मागून मोजतो, मला काय त्याचं? वेल्डर शहाणा. तो चहा प्यायला गेला.

झालं. धाकट्यानं नव्या शेपटापासून मोजायला सुरुवात केली आणि त्याच्या अकराच्या अकरा सीटा पाच इंच मागे सरकल्या. दार मात्र जुनंच, जुन्याच जागी. थोरल्याच्या बाजूला मागच्या कोपऱ्यात पाच इंच जागा उरली, तिथं त्यानं एक पत्र्याची पेटी ठोकली. धाकट्याला ती पुढे उरली, तिथं त्यानं चकचकीत फळी मारली. चूक दिसली की तिच्यावर पत्रा ठोकायचा, हा घराण्याचा गुण. डावी-उजवी ओळ जुळत नाही हे दोघांपैकी एकाच्याही नजरेला पडलं नाही, कारण मान वळवून दुसऱ्याची बाजू बघणं म्हणजे कमीपणा.

चूक सापडली ती ताईच्या बुडाला. गाद्या चढल्या की प्रत्येक सीटवर एकदा बूड टेकून बघायचं, ही तिची पहिल्यापासूनची रीत. बस बावन्न सीटांची असो की वीस. आज सातव्यावर बसली आणि दाराचा दांडा थेट तिच्या कोपराला लागला.

“त्याला सांग,” डाव्या बाजूची काच पुसत असलेला थोरला खिडकीबाहेर बघत म्हणाला, “पुढून मोजलं असतं तर ही वेळ आली नसती.”

“त्याला सांग,” धाकटा उजव्या खिडकीबाहेर बघत म्हणाला, “शेपूट त्याच्या वेल्डरनं वाढवलंय.”

“मी काय पोस्टमन आहे?” ताई म्हणाली. “दोघांच्या मध्ये तीन हात जागा नाही! थुंकलात तर एकमेकांवर पडेल, आणि म्हणे त्याला सांग. अकरा सीटा काढा. पाच इंच पुढे घ्या. चार तास आहेत.”

“पुढे घ्या म्हणजे त्याच्या मापानं घ्या,” धाकटा म्हणाला. “जमायचं नाही. बाबांनी मला मागून मोजायला सांगितलंय. बाबांना विचार.”

ताईनं कपाळावर हात मारला आणि बाबांकडे गेली.

बाबा चौऱ्याऐंशीचे. काचेच्या खोलीत खुर्चीवर बसून असतात. समोर टेबलावर बसच्या जुन्या फोटोंची चळत आणि वाऱ्यानं ते उडू नयेत म्हणून वर एक स्पार्कप्लग. ऐकू कमी येतं. जे ऐकायचं नसतं ते अजिबात येत नाही.

“बाबा, सीट दाराच्या वाटेत आलीय!”

“कुठल्या बाजूची?”

“उजव्या.”

“मग धाकट्याला विचार.”

“त्यानंच तुमच्याकडे पाठवलं.”

“मग थोरल्याला विचार.”

“तो म्हणतो, उजवी माझी नव्हे.”

“बरोबर बोलतोय,” बाबा समाधानानं म्हणाले.

“काय बरोबर? तुमच्या त्या वाटणीनं बसचा घात केलाय! एक पुढून मोजतो, एक मागून मोजतो, मधे माणसं मरायची पाळी आलीय!”

म्हाताऱ्यानं डोळे बारीक केले. “मी बस वाटलीच नव्हती, पोरी. मी त्यांची तोंडं वाटली होती. एकाचं इकडं, एकाचं तिकडं. तोंडं अजून वेगळी आहेत ना? मग माझं काम नीट झालंय.” आणि त्यांनी मान खुर्चीच्या पाठीला टेकली.

ताईनं दार जरा जोरात लावलं. काच हलली, म्हातारा नाही.

ती परत बसमध्ये चढली तर धाकटा घामाघूम आणि खूश. त्यानं एकट्या सातव्या सीटचे बोल्ट काढून ती पाच इंच पुढे ढकलली होती आणि आवळलीही होती.

“बघ! दार मोकळं! उगीच अकरा काढा, अकरा काढा.”

“आणि सातव्यावर बसणाऱ्याचे गुडघे?”

“साहेब दार मोजतो ताई. गुडघे मोजत नाही.”

ताईनं त्याच्याकडे बघितलं. तिची ही नजर शिवणखात्यातल्या नऊही जणी ओळखून होत्या. त्या गाद्यांचे पट्टे ओढायला बसच्या पायरीपाशी जमल्या होत्या, त्यांनी हातातले पट्टे खाली ठेवले.

“बस,” ताई म्हणाली.

“पुन्हा?”

“बस. तू बसवलीस, तूच बस. आठ तासांचा प्रवास आहे या गाडीचा. मी आठ मिनिटं मागतेय.”

धाकटा हसत हसत सरकला. आधी एक मांडी आत घातली. मग श्वास आत घेऊन दुसरी. पुढच्या सीटच्या पाठीला त्याचे दोन्ही गुडघे टेकले, मग रुतले, आणि तो धपकन खाली बसला. बसला तो बसला. दोन मिनिटांत त्याचं हसू गेलं. चार मिनिटांत तो एका कुल्ल्यावर आला. पाचव्या मिनिटाला उठायला गेला तर उठवेना. गुडघे वर येईनात, बूड मागे जाईना, आणि पोट मधे.

“ताई, अडकलोय गं.”

“असं? दार मोकळं आहे की. उतर.”

“ताई, याच मापाचा एकेक माणूस प्रत्येक सीटवर बसवून पाठवा,” शिवणखात्यातली चष्मेवाली पायरीवरून म्हणाली. “कितीही जोरात ब्रेक लागू दे, हलायचा नाही.”

नऊ जणींचा जो खिदळाट उठला, त्यात एक घोगरा आवाज मिसळला. थोरला हसत होता. काच पुसायचं फडकं तोंडावर धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

“त्याला सांग दात काढू नकोस!” धाकटा ओरडला. “त्याला सांग पाना आण!”

थोरला पाना घेऊन वाट ओलांडून उजव्या बाजूला आला आणि सहाव्या सीटच्या बोल्टाला भिडला. बावीस वर्षांत तो या बाजूला कधी वाकला नव्हता. वाकल्यावर पहिलं काय बोलला? “वॉशर कसले घातलेत ताई बघ, त्याला सांग. भंगारवाला पण घेणार नाही.” आणि धाकटा अडकलेल्या जागेवरून म्हणाला, “त्याला सांग, डाव्या बाजूच्या खिडक्या पावसात गळतात त्या आधी बघ.” ताईला वाटलं, दोघांनाही याच सीटमध्ये कोंबावं, बोल्ट आवळावेत आणि गाडी पाठवून द्यावी.

सहावी सीट निघाली. धाकटा बाहेर आला तो गुडघे चोळतच. विजारीवर दोन्हीकडे गोल डाग उमटले होते.

“काढा सगळ्या,” तो म्हणाला. मग आवाज खाली घेऊन, “पण मी त्याच्या मापानं घेणार नाही.”

साडेअकरा वाजले होते. ताईचा जीव टांगणीला आणि याची पुढून-मागून अजून चाललेलीच.

“हे दार कोणत्या बाजूला आहे?” तिनं विचारलं.

“उजव्या.”

“म्हणजे कोणाचं?”

“माझं.”

“मग तुझ्या दारापासून मोज. पुढे सात, मागे चार. इंजिन गेलं खड्ड्यात आणि शेपूट गेलं त्याच्या मागे. तुझं दार, तुझी टेप. आता तरी हलशील?”

धाकट्यानं डोकं खाजवलं. यात त्याला कुठं कमीपणा सापडेना. त्यानं दाराच्या चौकटीला टेप लावली. सीटांच्या खुणा जिथं पडल्या तिथंच त्या थोरल्याच्या मापानंही पडल्या असत्या, हे बसमधल्या प्रत्येकाला कळलं. त्यालाही कळलं असणार. ते बोलून दाखवण्याइतकं रिकामं तिथं कोणी नव्हतं.

मग पाने चालले. ताईच्या बायकांनी गाद्या खाली उतरवून घेतल्या, फिटरांनी सांगाडे सरकवले, नवी भोकं पाडली. जेवणाचे डबे उघडायला कोणी गेलं नाही. एकेक सीट सरकली की तिच्या जुन्या जागी चार भोकं उघडी पडायची. ताईनं दोन दिवस गुडघ्यांवर बसून अंथरलेली निळी शीट, एक सुरकुती नव्हती तिला, आणि आता ती चाळणी होत होती. आठ सीटा झाल्या, तीन राहिल्या, आणि साहेब दीड वाजताच फाटकातून आत आला. यांना दोनचा वायदा म्हणजे दीडला येण्याची परवानगी वाटते.

साहेब काटकुळा, खिशाला तीन पेनं, बोलायला कंजूष. बसमध्ये चढला. इमर्जन्सीचं दार उघडलं, मिटलं, उघडलं. टेप लावली. मान हलवली. मग त्याची नजर खाली गेली.

“ही भोकं कसली?”

“हवा खेळायला,” धाकटा म्हणाला.

साहेबानं त्याच्याकडे पाहिलं. थोरल्यानं छताकडे पाहिलं.

“गप रे,” ताई म्हणाली आणि पुढे झाली. “साहेब, हवाबिवा काही नाही. उजव्या बाजूच्या सीटा पाच इंच मागे बसल्या होत्या. शेपूट नवं जोडलं ते लांब आलं, आणि या दोघांनी दोन टोकांकडून मोजलं. सकाळी एक सीट दाराच्या वाटेत आलेली सापडली. एकच सरकवून तुमची टेप चुकवता आली असती. नाही चुकवली. आठ झाल्या, तीन राहिल्यात. संध्याकाळपर्यंत होतील. फरशीची या अंगाची शीट मी पुरी काढून नवी घालणार.”

“दोन टोकांकडून?” साहेबाला ते नीट कळेना. “का?”

“ते विचारू नका. तुमचा दिवस जाईल.”

साहेबानं कागद काढला. बराच वेळ लिहिलं. बसची नवी लांबी स्वतः मोजून लिहिली. मग कागद थोरल्यापुढे धरला. “मापाला जबाबदार कोण? इथं सही.”

“डाव्या बाजूची मी करतो,” थोरला म्हणाला.

“उजवीची मी,” धाकटा म्हणाला.

“एका बसला एक सही. अख्ख्या मापाची.”

थोरला उजव्या बाजूची सही करीना, धाकटा डाव्या. कागद साहेबाच्या हातात हलत राहिला. पायरीपाशी नऊ जणी उभ्या होत्या. साहेबानं पेनाला टोपण लावायला घेतलं.

“आणा इकडं,” ताई म्हणाली.

“ताई, पण बाबांनी तुला फक्त फरशी...” थोरला म्हणाला.

“तुमची बाजू कशावर उभी आहे? हवेत?” तिनं पेन घेतलं, कागद सीटच्या पाठीवर ठेवला आणि सही केली. ठळक, रेघेच्या दोन्ही अंगांनी बाहेर गेलेली. कागदावर सही करायचा सराव तिला कुठला?

साहेबानं सही पाहिली, घडी घातली. “सोमवारी परत येतो. शीट नवी दिसली, अकरा सीटा ओळीत दिसल्या, की ही पास. बाहेरच्या बारा आत घ्यायला हरकत नाही. पण त्या प्रत्येकीच्या कागदावर हीच सही लागेल. माप एकाच माणसाचं.”

तो फाटकाबाहेर गेला. मग थोरला म्हणाला, “म्हणजे आता आम्ही मोजायचं नाही?”

“मोजायचं. मी सांगेन तिथून मोजायचं आणि मला दाखवून भोक पाडायचं. डावं असो की उजवं.”

“आणि बाबांना काय सांगायचं?”

“झोपलेत, झोपू दे. घ्या, म्हणजे बारा गाड्यांचं मोजमाप पण माझ्याच गळ्यात! शिलाई मी बघायची, फरशी मी बघायची, तुमची भांडणं मी बघायची, आता टेप घेऊन तुमच्या मागं मागं पण मीच फिरायचं. या वयात लोक कंबर धरून बसतात.” तिनं धाकट्याच्या हातातली टेप ओढून घेऊन कमरेच्या पिशवीत टाकली. “बघताय काय? राहिलेल्या तीन सीटा काय साहेब येऊन सरकवणार आहे? आणि झालेल्या आठ परत खोला. त्यांच्या खालून मी शीट काढू कशी?”

“परत खोला?” दोघं एकदम म्हणाले.

“बावीस वर्षांत पहिल्यांदा एका सुरात बोललात. खोला.”

चष्मेवाली शीटचा नवा गठ्ठा खांद्यावर घेऊन पायरी चढत होती. ताईनं गुडघ्यांखाली जुन्या गादीचा तुकडा सरकवला, सुरी काढली, ड्रायव्हरच्या सीटमागच्या कोपऱ्यात निळ्या शीटच्या कडेखाली पातं घातलं आणि दोन्ही हातांनी ओढायला सुरुवात केली. शीट करकरत निघाली.

“डिंकाचा डबा उघडा गं,” ती मान न वळवता म्हणाली. “आणि हलवून घ्या आधी, मागच्या वेळेसारखा पाण्यासारखा नको.”